कणजाचा दाणा

खंडोजीराव मान्यांचे दात ही त्यांची एकट्याची मालमत्ता नव्हती. बेंगळुरूत यशवंतपूरच्या घाऊक बाजारात धान्याचे पारखी म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. लॉरी येऊन थांबली की पन्हाळीची टोकदार सळई पोत्यात खुपसायची, तळहातावर उतरलेल्या दाण्यांतला एक उचलून दाढेखाली धरायचा आणि हळूच दाब द्यायचा. ओला दाणा आधी दबतो आणि मग तुटतो. वाळलेला दाणा दबत नाही, तो एकदम कट्ट करून फुटतो. या दोहोंच्या मधल्या साऱ्या पायऱ्या खंडोजीरावांच्या दाढांना ठाऊक होत्या. अडत्ये त्यांच्या तोंडाकडे बघून भाव बोलत, आणि ज्यांना मराठीचा एक शब्दही कळत नसे असे लांबच्या तालुक्यांतले शेतकरीसुद्धा त्या आवाजापुढे वाद घालत नसत. निवृत्तीच्या दिवशी बाजाराने त्यांना शाल आणि नारळ देऊन मोकळे केले. त्यांच्या समाजाने मात्र त्यांचे दात ठेवून घेतले.

हा समाज म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरलेली आणि मग इथलीच होऊन गेलेली मराठी घराणी. आज त्यांतले कोणी बँकेत आहे, कोणी रिक्षा चालवतो, कोणी काचेच्या इमारतीत संगणकापुढे बसतो. गरीब घरांतल्या मुलांसाठी या मंडळींनी बनशंकरीत एक वसतिगृह बांधले आहे. कनकपुरा-मागडीकडे ज्यांची थोडीफार शेती उरली आहे ती घरे दर सुगीला वसतिगृहासाठी नवे भात पाठवतात. नव्या तांदळाचा भात गिचका होतो, म्हणून ते लगेच कांडत नाहीत. मागच्या अंगणात विटा-चुन्याची एक उंच कोठी आहे, तिला सगळे कणज म्हणतात. शब्द कानडीतला, पण या घरांतून तो केव्हाच मराठी झाला. संक्रांतीच्या सुमारास भात वरच्या तोंडातून कणजात ओतायचे, झाकण बसवून शेणामातीने लिंपायचे, आणि उगादीला, म्हणजे पाडव्याला, तळाची खिडकी उघडून पहिली टोपली काढायची, असा तिथला रिवाज.

लिंपण्याआधी आणखी एक रिवाज असे. समाजातल्या जाणत्याने कणजातला एक दाणा सगळ्यांसमक्ष चावायचा. त्या वेळी अंगणात जमलेली माणसे बोलणे थांबवीत, बायका मुलांच्या तोंडावर हात धरीत. दाणा फुटल्याचा आवाज आला की पुढे उभा असलेला कोणीतरी म्हणे, ‘आला!’ आणि मग ज्या बाईने ते भात वाळवले असेल ती शेणामातीचा पहिला हात झाकणावर फिरवी. तो पहिला हात म्हणजे तिचा मान होता आणि तिची जबाबदारीही. आत काही बिघडले तर जाब तिला. चावणाऱ्याला जाब विचारण्याची तरतूद रिवाजात नव्हती. तशी वेळ येईल असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

गेली काही वर्षे दाणा चावत होते खंडोजीराव आणि भात वाळवत होती विठाबाई. विठाबाई विधवा होती. वसतिगृहाची झाडलोट, भांडी आणि सुगीत भात वाळवणे एवढ्या कामाच्या बदल्यात अंगणाच्या कोपऱ्यातली एक खोली तिला राहायला मिळाली होती. शहरात तिला दुसरे छप्पर नव्हते. तिला सगळे विठाक्का म्हणत. तिचे तोंड चालू असे, आणि खंडोजीरावांना ते आवडे.

गेल्या पावसाळ्यात खंडोजीरावांच्या दाढा हलू लागल्या. हिरड्या सुजल्या, दोन दाढा जेवताना आपणहून हातात आल्या. सूनबाई सुप्रीता त्यांना जयनगरात दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने उरलेले सारे दात काढले आणि वरखाली दोन कवळ्या बसवल्या. कवळ्या इतक्या बेमालूम होत्या की देवळात भेटलेले लोक उलट म्हणू लागले, ‘अण्णा, या वयात बत्तीसच्या बत्तीस? काय खाता तरी काय?’ खंडोजीराव हसत. हसण्यापुरत्या त्या कवळ्या उत्तम होत्या. जेवताना मात्र आपल्या तोंडात दुसराच कोणी जेवतो आहे असे त्यांना वाटे. घास गरम आहे एवढे कळे. तो मऊ आहे की कडक, याची बातमी हिरडीपर्यंत पोचतच नसे.

एकदा घरात कोणी नसताना त्यांनी डब्यातला एक सुका हरभरा आणि वाटीत भिजत घातलेला एक हरभरा असे दोन्ही चावून पाहिले. तेवढा फरक कळला. मग त्यांनी कोनाड्यातले लोंबीचे तोरण काढले आणि त्यातला भाताचा एक दाणा चावला, दुसरा पाण्यात थोडा वेळ ठेवून चावला. काहीही कळले नाही. त्यांनी तोरण जागच्या जागी टांगले आणि या प्रयोगाबद्दल कोणाकडे अवाक्षर काढले नाही.

सुप्रीताच्या लक्षात आले असावे. मार्गशीर्ष सरताना ती म्हणाली, “मामा, उपेंद्ररावांना आधीच सांगून टाका ना. या वर्षी दुसऱ्या कोणी चावू दे म्हणून.”

“दुसरं कोण आहे?”

“यशोवर्धननं यंत्र आणलंय म्हणे. ओलावा मोजायचं.”

“सांगतो की. घाई काय लागली आहे?”

उपेंद्रराव म्हणजे वसतिगृहाच्या मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आणि यशोवर्धन त्याच मंडळातला सर्वांत तरुण सभासद, शिक्षणाने इंजिनिअर. दोघांनाही सांगणे अवघड नव्हते. एक वाक्य पुरले असते. पण माणूस ज्या एका गोष्टीमुळे ओळखला जातो ती गोष्ट त्याच्यापाशी उरली नाही, हे त्याने स्वतःच उठून जाहीर करावे, ही अपेक्षा दिसते तितकी साधी नाही. खंडोजीरावांना पेन्शन नव्हती, पद नव्हते, वडिलोपार्जित काही नव्हते. समाजाच्या कार्यक्रमात त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळे ती दाढांसाठी. ते रोज ठरवत, उद्या सांगू.

त्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि बेंगळुरूवर ढग येऊन बसले. भात आधीच निरनिराळ्या गावांहून आलेले. कोणाचे खळ्यात नीट वाळलेले, कोणाचे कापणीनंतर भिजलेले. विठाबाईने ते गच्चीवर ताडपत्रीवर दोन बोटे जाडीचे पसरले. उन्हाची तिरीप आली की पायाने वर-खाली करायचे, ढग आला की गोळा करून झाकायचे, पुन्हा उघडायचे. तिच्या टाचांच्या भेगांत भाताची कुसे रुतून बसली होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी उपेंद्रराव आणि खंडोजीराव गच्चीवर आले तेव्हा ती ढिगावर बसून वर बघत होती.

“काय विठाक्का, ढग मोजतेस?” खंडोजीराव म्हणाले.

“मोजून होतंय काय, अण्णा? एक गेला की त्याचा भाऊ येतो. मी म्हणते, आणखी एक-दोन उन्हं मिळाली तर बरं. मला पक्कं सांगता येत न्हाई. वरचं सुकलंय, खालचं कसं की.”

“उद्या पाहुणे येणार आहेत,” उपेंद्रराव म्हणाले. “जेवण सांगून झालंय, भटजी सांगून झालेत. कणज उद्याच बंद होणार.”

“पाहुण्यांना कणजात बसवायचं आहे काय? ते दुसऱ्या दिवशी बंद केलं तर पळून जातंय होय?”

उपेंद्रराव हसले. “अण्णा आहेत ना. अण्णा चावतील, ओलं असलं तर सांगतील. आपण कशाला भांडायचं?”

विठाबाईने खंडोजीरावांकडे पाहिले आणि तिचा चेहरा सैल झाला. “हे सरी, हे बरोबर. अण्णांनी बघितलं म्हणजे माझ्या जिवाला घोर न्हाई.”

तिचा तो सैल झालेला चेहरा पुढे खंडोजीरावांना फार दिवस पुरला.

संक्रांतीला सकाळीही ऊन नव्हते. अंगण भरले होते, नव्या साड्या होत्या, तिळाच्या वाट्या फिरत होत्या. भात कणजात ओतून झाले. यशोवर्धनने आपले यंत्र आणले होते. त्याने मूठभर भात यंत्राच्या पेल्यात भरले, बटण दाबले आणि हलक्या आवाजात म्हणाला, “अण्णा, पंधराच्या वर दाखवतंय. बाराच्या आसपास पाहिजे. त्यापेक्षा जास्त ओलावा असला तर आतून तापतं.”

“तुझ्या यंत्राला संक्रांतीचे तीळगूळ दिले नाहीस काय? म्हणून कडू बोलतंय,” मागून कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. यशोवर्धनही हसला. त्याने यंत्र पुन्हा लावले नाही. वडीलधाऱ्यांसमोर आकडा लावून धरणे त्याला उद्धटपणाचे वाटले असावे. त्याच्या शिक्षणाने त्याला मोजायला शिकवले होते. मोजलेल्यावर उभे राहायला शिकवले नव्हते.

उपेंद्ररावांनी दाणा खंडोजीरावांच्या तळहातावर ठेवला. अंगण गप्प झाले. त्या क्षणीही वेळ गेलेली नव्हती. दाणा परत द्यायचा आणि म्हणायचे, पोराच्या यंत्राचे ऐका. खंडोजीरावांनी दाणा दाढेच्या जागी धरला आणि दाब दिला. कवळीखाली दाणा कुठेतरी सरकला, निसटला, आणि वरची कवळी खालच्या कवळीवर आदळली. कट्ट.

“आला!” पुढचा माणूस म्हणाला.

“आला, आला!”

दाणा जिभेखाली पडला होता, अख्खा. खंडोजीरावांनी तो गिळून टाकला. विठाबाई शेणामातीचे घमेले घेऊन जवळ आली होती. तिने विचारले, “सरी का, अण्णा? हात लावू?”

“सरी,” खंडोजीराव म्हणाले.

तिने झाकणावर पहिला हात फिरवला.

त्यानंतरचे दिवस खंडोजीरावांनी स्वतःची समजूत घालण्यात घालवले. यंत्र नवे होते, यंत्रे चुकतात. वरच्या थरातला एक ओला दाणा म्हणजे काही सारे कणज नव्हे. आधीही ढगाळ वर्षे येऊन गेली होती. पण बाजारात काढलेली हयात त्यांना गप्प बसू देत नव्हती. भात मेलेले नसते, हे ते जाणत होते. दाणा श्वास घेतो. ओलावा जास्त राहिला तर कोंडलेल्या ढिगात तो जोराने घेतो, त्याची ऊब बाहेर जात नाही, उबेने पुन्हा घाम सुटतो, आणि मग बुरशी धरते. यशवंतपुरात त्यांनी पोती उघडताच वाफ आलेली पाहिली होती.

वसंत पंचमी होऊन गेल्यावर ते एका सकाळी बनशंकरीत देवीला जाण्याचे निमित्त करून वसतिगृहात आले आणि थेट मागच्या अंगणात गेले. कणजाच्या भिंतीला त्यांनी तळहात लावला. भिंत कोमट होती. अंगणात अजून ऊन उतरले नव्हते. शेजारच्या हौदाची भिंत थंडगार लागत होती. त्यांनी एका हाताने हौद आणि दुसऱ्या हाताने कणज धरले आणि तसेच उभे राहिले.

“भिंत पडते म्हणून धरून ठेवलीत काय, अण्णा?” विठाबाई खोलीच्या दारातून म्हणाली. “या, कॉफी घ्या.”

ते तिच्या खोलीत गेले. खोलीत एक चटई, एक स्टोव्ह, खंडोबाचा एक टाक आणि दोरीवर दोन लुगडी. तिने पितळी लोट्यात कॉफी दिली आणि हसत म्हणाली, “तुमच्या त्या दातांना दृष्ट लागायची कोणाची. मला बघा, तीन राहिलेत, तेबी एकमेकांशी बोलत न्हाईत.”

त्या क्षणी सांगितले असते तर निम्मे भात वाचले असते. झाकण फोडून, भात काढून, माघाच्या कोरड्या उन्हात पसरून. खंडोजीरावांना हे नेमके माहीत होते आणि म्हणूनच त्यांच्या संक्रांतीच्या गप्प बसण्यापेक्षा हे गप्प बसणे मोठे होते. संक्रांतीला अंगण भरलेले होते, हशा होता, एक आवाज अपघाताने निघाला होता. इथे तिच्याशिवाय कोणी नव्हते. त्यांनी लोटा खाली ठेवला आणि म्हणाले, “कॉफी छान झाली, विठाक्का.”

“स्वल्प चिकोरी जास्त पडली,” ती म्हणाली.

उगादीला तळाची खिडकी उघडली. दर वर्षी खिडकीची फळी सरकताच भात खळखळ करीत टोपलीत उतरे. या वर्षी काही उतरले नाही. उपेंद्ररावांनी आत काठी घातली. काठी एका ढेपेवर अडली. ढेप फुटली तसा आंबूस, कोंदट वास अंगणभर पसरला आणि पुढे उभ्या असलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले. हातात आलेले दाणे काळपट होते, एकमेकांना करड्या धाग्यांनी चिकटलेले. सोलून पाहिले तर तांदूळ पिवळा. वरचे थोडेसे भात बरे दिसत होते, पण वास त्यालाही होता. यशोवर्धन म्हणाला की अशा बुरशीत विष असू शकते, हे मुलांना देता येणार नाही, जनावरांनाही नाही. या वेळी त्याचे सगळ्यांनी ऐकले. भात टेम्पोत भरून शहराबाहेर पुरायला नेले. वसतिगृहाच्या मुलांसाठी माणसे घरोघर तांदूळ मागत फिरली.

विठाबाईने कणज आतून घासून काढले. घासताना तिला खोकल्याची उबळ येई, ती बाहेर येऊन बसे आणि पुन्हा आत जाई.

दुसऱ्या रविवारी मंडळाची बैठक झाली. खंडोजीरावांना सन्मानाने बोलावले होते. विठाबाई दाराशी उभी होती. उपेंद्रराव वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले की चूक कोणाच्याही हातून होते, रात्री ताडपत्री नीट ओढली नसेल, दव पडले असेल, बाईचेही वय झाले आहे. पण मुलांच्या अन्नाचा प्रश्न आहे, तेव्हा हे काम आणि खोली दुसऱ्या कोणाला द्यावी.

“ताडपत्री मी ओढली होती,” विठाबाई म्हणाली. “आणि एक-दोन उन्हं पाहिजेत म्हणून मी तोंडानं सांगितलं होतं. उपेंद्रअण्णा, तुमीच होता.”

“अक्का, पण नंतर अण्णांनी चावून पाहिलं ना? त्या वेळी सुकं होतं. म्हणजे बिघाड त्याच्या आधी कुठेतरी, किंवा नंतर. लिंपण्यात फट राहिली असेल.”

खंडोजीराव उठले. सुप्रीताने घडी घालून दिलेला रुमाल त्यांनी टेबलावर पसरला, तोंडात बोटे घालून आधी वरची, मग खालची कवळी काढली आणि दोन्ही रुमालावर ठेवल्या. त्यांचा चेहरा एकदम बसला. शब्द ओठांतून वाऱ्यासारखे निसटत होते, तरी ते ऐकू येण्याजोगे बोलले.

“हे बघा. पावसाळ्यापासून माझ्या तोंडात एक दात न्हाई. मला दाणा कळला न्हाई. माझ्याकडून दाणा फुटलाच न्हाई, मी तो गिळला. तुमी ऐकला तो आवाज हा.” त्यांनी कवळ्या हातात घेऊन एकमेकींवर आपटल्या. कट्ट.

खोलीत शांतता झाली. तो आवाज सर्वांनी ओळखला होता. ती शांतता थोडी आणखी टिकली असती तर कदाचित विठाबाईची खोली वाचली असती. पण त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाने संक्रांतीला ‘आला’ म्हटले होते. खंडोजीरावांचे खरे मानायचे तर त्या अंगणात चुकलेला एकटा म्हातारा नव्हता, ऐकण्याआधीच ऐकू आले म्हणून सांगणारा सारा समाज होता; आणि यंत्राला हसणारा समाजही तोच. हे कबूल करण्यापेक्षा एका बाईने ताडपत्री ओढली नाही, हे मानणे स्वस्त होते.

उपेंद्रराव जागेवरून उठले, त्यांनी खंडोजीरावांचे दोन्ही हात कवळ्यांसकट आपल्या हातात घेतले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. “अण्णा, मन मोठं आहे तुमचं. गरीब बाईचं छप्पर जाऊ नये म्हणून सगळा दोष अंगावर घ्यायला निघालात. दात गेले म्हणून पारख जाते काय? जीभ आहे, टाळू आहे, उभ्या जन्माचा अनुभव आहे. बसा, अण्णा, बसा.”

“मी खरं सांगतोय रे.”

“तुमी खोटं कधी बोललात?” कोणीतरी म्हणाले, आणि साऱ्यांनी माना डोलावल्या.

खंडोजीरावांनी यशोवर्धनकडे पाहिले. “तू बोल. तुझ्या यंत्रानं काय सांगितलं होतं?”

यशोवर्धनने चष्मा पुसला. “एकच रीडिंग घेतलं होतं, अण्णा. एकावरून निश्चित काही म्हणता येत नाही.”

ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होते.

ठराव झाला. खंडोजीरावांच्या औदार्याबद्दल मंडळाने आदर व्यक्त केला आणि विठाबाईला महिनाअखेर खोली सोडायला सांगितले. दाराशी आता कोणी उभे नव्हते.

खंडोजीरावांनी तिला शोधून काढले तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. ती एका मंगल कार्यालयात खरकटी भांडी घासत होती आणि तिथेच जिन्याखाली झोपत होती. खोकला गेला नव्हता. त्यांना पाहून तिने हात थांबवले नाहीत.

“विठाक्का, मी त्यांना सांगितलं. तुझ्यासमोर सांगितलं.”

“सांगितलंत की. बहिरी न्हाई मी.”

“ते मानत न्हाईत.”

“कसं मानतील? इतकी वर्षं तुमी सांगायचं आणि त्यांनी मानायचं, असं चाललं होतं. त्यात असलं ऐकायची सवय त्यांना न्हाई.” तिने एक कढई पालथी केली. “मला एक सांगा. त्या दिवशी माझ्या खोलीत कॉफी प्यायलात, तेव्हा ठाऊक होतं तुमाला?”

“होतं.”

तिने पुढची कढई ओढून घासायला घेतली. मग म्हणाली, “तेव्हा मी एकटी होते. मी मानलं असतं.”

खंडोजीराव उभेच होते. पाणी त्यांच्या चपलांखालून वाहत होते. शेवटी ते म्हणाले, “संक्रांतीला पुन्हा चावायला बोलावतील मला. या वेळी सगळ्यांसमोर बिनदाताचा जाईन. मंडळ न्हाई मानलं, अंगण मानेल. आवाजच येणार न्हाई, तर काय म्हणतील? मग तुझी खोली तुला द्यावी लागेल.”

“बघा,” ती म्हणाली. त्या शब्दात आशा होती की कंटाळा, हे खंडोजीरावांना कळले नाही. पण परतताना ते त्याला आशाच समजले.

बोलावणे आले. त्या वर्षी ऊन कडक होते आणि भात वेळेवर वाळले होते. खंडोजीरावांनी कवळ्या घरी वाटीतल्या पाण्यात ठेवल्या. सुप्रीताने त्यांच्या उपरण्याची घडी नीट केली. अंगणात शिरताच लोकांनी वाट करून दिली. त्यांचे आत गेलेले गाल सगळ्यांना दिसत होते. बायका एकमेकींकडे बघून पुटपुटल्या, “किती थकले बघा,” आणि एकीने वाकून नमस्कार केला. कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराला नवा पडदा होता.

यशोवर्धनचे यंत्र या वेळी टेबलावर, हळदीकुंकू वाहून ठेवलेले होते.

उपेंद्ररावांनी दाणा दिला. खंडोजीरावांनी तो सर्वांना दिसेल असा दोन बोटांत उंच धरला, तोंड मोठे उघडून रिकाम्या हिरड्या दाखवल्या, आणि मग दाणा हिरडीवर ठेवून ओठ मिटले. अंगण गप्प झाले. मुलांच्या तोंडावर हात गेले. खंडोजीरावांनी सारी ताकद लावली. दाण्याचे टोक हिरडीत रुतले. कळ कानापर्यंत गेली. आवाज नव्हता. येणे शक्य नव्हते. त्यांनी डोळे उघडून समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिले. चेहरे वाट पाहत होते, शांतपणे, विश्वासाने. आता कोणीतरी विचारील, असे त्यांना वाटले. कोणीतरी म्हणेल, ऐकू आले नाही.

“आला,” मागच्या रांगेतून एक आवाज म्हणाला.

“आला, आला!”

खंडोजीराव ओरडले, “न्हाई आला!” पण दातांविना ते शब्द फुटलेच नाहीत, आणि ढोल सुरू झाला होता. त्यांनी दाणा तळहातावर थुंकला. तो अख्खा होता, टोकाला रक्त लागलेला. त्यांनी हात पुढे केला. उपेंद्ररावांनी तो हात आशीर्वादाचा समजून आपल्या कपाळाला लावला. नवी बाई शेणामातीचे घमेले घेऊन कणजापाशी आली, आणि खंडोजीरावांकडे वळून आदराने थांबली.

“सरी का, अण्णा?” तिने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता झाकणावर पहिला हात फिरवला.